अठ्ठावन्न मिलिमीटर

लेन्सवर आकडे बरेच असतात.
मी चुकीचा सांगितला.
"अठरा-पंचावन्न" म्हटलं, विस्पुते काका हसले नाहीत,
लेन्स तोंडाकडून फिरवून
रेघ मारलेल्या शून्यापुढे बोट ठेवलं:
"घेर हा. अठ्ठावन्न."

एम. जी. रोडवर दुपारचे तीन.
स्कूटरच्या आरशांतलं ऊन समोरच्या शटरवर उड्या मारत होतं.
काउंटरवर तीन डब्या:
साडेचारशे, साडेअकराशे, तीन हजार दोनशे.
माझा कॅमेराच जुना, नऊ हजारांचा,
पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
रात्रपाळीला द्राक्षाच्या पेट्या मोजून घेतलेला.

"डबीवर काय छापलंय ते वाचू नका," काका म्हणाले,
"मोबाइल काढा. पडदा पांढरा करा.
काचेची पुढची बाजू पडद्याकडे. उलटी धरलीत तर काहीच कळणार नाही."

पहिली फिरवली.
पांढऱ्याचं जांभळं झालं,
शाई सांडलेला सदरा धुतल्यावर होतो तसं,
आणि तिथेच थांबलं.
दुसरी फिरवली.
राख, मग काजळी, मग
मोबाइल बंदच पडला.
मी घाबरून काच बाजूला केली. चालू होता.
तिसरी डबी मी उघडू दिली नाही.
काही गोष्टी चांगल्या आहेत हे
न बघताही मान्य करता येतं.

"आकाश निळं करायचंय ना? सगळे त्यासाठीच नेतात.
अंजनेरी, गंगापूर धरण, बागांवरचं प्लास्टिक."
नाही, म्हटलं. फोटो काढायचाय.
एका फोटोचा.

कुमुद आत्या, सन सत्याहत्तर, सायकल धरून,
मागे होळकर पूल.
भिंतीला ओल धरली तेव्हा काचेला चिकटली ती चिकटलीच.
सोडवायला जावं तर चेहरा काचेवर राहील
आणि हातात पाठचा पांढरा पापुद्रा.
दुसरी प्रत नाही.
कुठूनही बघा, आधी खिडकी दिसते,
मग आत्या.

काकांनी दुसरी डबी फडक्याने पुसली. उगाचच.
"समोर उभ्या राहाल तर प्रतिबिंब जाणार नाही.
तिरप्या उभ्या राहा."
कडेला चरा होता तिच्या, कुणीतरी परत केलेली.
नऊशे पन्नासला दिली.

घरी, पंचवटीत, स्टुलावर पिठाचा डबा उपडा,
त्यावर कॅमेरा, कारण ही काच उजेड खाते,
आणि माझा हात पाळीनंतर थरथरतो.
तिरपी उभी राहिले. कडं फिरवलं.
मध्येच अडकलं, पुन्हा फिरवलं.
खिडकी पातळ झाली.
गज गेले.
शेजारच्या गच्चीवरची चादर गेली.
सायकलच्या घंटीवरची चमक तेवढी राहिली.
ती सत्याहत्तरातली.
कुठल्याही काचेने जाणार नाही.

आणि खाली, रस्त्यावर,
पुढच्या चाकाला टेकलेली एक सावली,
फोटो काढणाऱ्याची.
दोन्ही कोपरं वर, डोक्यावर हॅट.
आमच्याकडे हॅट कुणी घालत नव्हतं.
इतकी वर्षं तिच्यावर आमची खिडकी पडलेली.

फोटो आला, पण वाकडा.
चौकट एकीकडे उंच, एकीकडे आखूड,
आत्या उतारावर उभी असल्यासारखी.
कॉम्प्युटरवर सरळ करता येतो म्हणतात.
बघू.

मग एकदा समोर जाऊन उभी राहिले,
काका म्हणाले होते तरी.
कडं पूर्ण फेरा फिरवलं.
आत्याच्या अंगावर मी,
हातात कॅमेरा, दोन्ही कोपरं वर.
पुन्हा फिरवलं.
गेले नाही.